टोमॅटोच्या नावाखाली

दादा, तुझ्या फोटोला हार घालायचा होता आणि माझ्याकडे तुझा फोटोच नव्हता.

तुला जाऊन तीन दिवस झाले होते. संदीपने हॉलमधलं टीव्हीचं टेबल रिकामं केलं, पुसलं, त्यावर समई ठेवली आणि मला म्हणाला, "नीलू, एखादा चांगला फोटो दे, प्रिंट काढून आणतो." मी फोन उघडला आणि शोधत बसले. गेल्या दोन वर्षांत तू मला कितीतरी फोटो पाठवले होतेस. गवती टोपी घातलेला, हातात पाण्याचा पाइप, दाढी पांढरी, आणि मागे तुझ्या खांद्याला लागलेली ती झाडं. त्यातला एकही उरला नव्हता. मी ते आल्या आल्या पुसत होते. आधी चॅटमधून, मग गॅलरीतून, मग पुसलेले फोटो जिथे जाऊन पडतात तिथूनही.

शेवटी तुझ्या पासपोर्टचा स्कॅन सापडला. संदीप त्यातलाच चेहरा कापून, मोठा करून घेऊन आला. आज बारावा दिवस आहे. त्या फोटोत तू इतका गंभीर दिसतोस की अन्वी म्हणाली, "मामा नेव्हर लुक्ड लाइक दॅट." तिचं खरं आहे. आणि तो तसा का लावावा लागला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुला मात्र सांगते. तुला अर्धंच माहीत होतं.

तू छतावरून पडलास, पाठीचं ऑपरेशन झालं, पाठ बरी झाली आणि डावा पाय जळत राहिला. "मांडीतून कोणीतरी तापलेली तार ओढतंय गं," असं तू म्हणायचास. मग त्या गोळ्या आल्या. त्या घेतल्यावर तू फोनवर वाक्याच्या मध्येच थांबायचास. एकदा तू अन्वीचं नाव विसरलास आणि "आपली ती, तुझी मुलगी" म्हणालास. त्या दिवशी तू स्वतःच घाबरलास. नंतर महिनाभर तू फारसं बोललाच नाहीस.

आणि मग तो सकाळचा फोन आला. तुझ्या अमेरिकेत, टूसॉनमध्ये संध्याकाळ असायची तेव्हा माझी इथे आखातात ऑफिसला जायची वेळ. मी गाडी चालवत होते. खलिफा सिटीहून मुसफ्फाला आमच्या रोपांच्या नर्सरीत जाताना मी दोन सहकाऱ्यांना बरोबर घेते, हे तुला ठाऊक नव्हतं. फोन गाडीच्या स्पीकरवर होता. तू किती तरी दिवसांनी पूर्वीसारखा खुशीत बोललास.

"नीलू, ऐक. मी गांजा लावलाय. सहा झाडं. इथे लीगल आहे, घरी लावता येतो."

मराठीतलं बाकी काही त्या दोघांना कळलं नसेल, पण तो एक शब्द त्या गाडीत सगळ्यांना कळला. मी फोन कट केला. मागे बसलेले आमचे मल्याळी अकाउंटंट थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, ब्रदर मजाक करता है?" मी म्हटलं, "हां, उसकी पुरानी आदत है." नर्सरीत पोचल्यावर गाडीतच बसून मी तुला लिहिलं : परत असलं बोलायचं नाही. फोनवर नाही, मेसेजमध्ये नाही. आमची नोकरी, व्हिसा, सगळं जाईल.

तुझं उत्तर लगेच आलं. "बरं. चुकलं माझं. टोमॅटोबद्दल बोललेलं चालेल का?"

मी तेव्हा हसले होते. आता त्या उत्तराची मला लाज वाटते. तुझी नाही, माझी. वेदनेवर इतक्या महिन्यांनी काहीतरी सापडलेला माणूस आपल्या सख्ख्या बहिणीला ते सांगायला जातो, आणि पहिल्याच मिनिटाला त्याला खोटं नाव शोधावं लागतं.

भीती खोटी नव्हती, दादा. हे मला तुझ्यापाशी मांडायचंच आहे, कारण तू मला भित्री म्हणायचास. इथे या बाबतीत कोणी हयगय करत नाही. कोणाच्या तरी बॅगेत, कोणाच्या तरी रक्तात काहीतरी सापडलं आणि त्याचं सगळं घर आवरून परत गेलं, अशा गोष्टी आम्ही डब्याच्या वेळेला एकमेकांना सांगतो. त्यातल्या किती खऱ्या, कुणास ठाऊक. पण पंधरा वर्षं इथे काढल्यावर त्या अंगात मुरतात. संदीपची नोकरी, अन्वीची बारावी, सगळं एका शिक्क्यावर उभं आहे.

पण नुसती भीतीच होती असंही नाही. आपण बार्शीत वाढलो. तिथे गांजा म्हणजे एसटी स्टँडच्या मागे लाल डोळ्यांनी बसलेली माणसं. माझा दादा त्यांच्यातला, हे मला आतून सहन होत नव्हतं. कायद्याचं नाव पुढे केलं की ही लाज मला झाकता यायची. तू हे ओळखलं होतंस, असं मला वाटतं.

एकदाच आपलं यावर सरळ भांडण झालं. मी एकटी होते, घरामागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते.

"अगं, तू झाडांवर पोट भरणारी बाई," तू म्हणालास. "झाडाला वाईट कसं म्हणतेस? झाडाला व्हिसा लागत नाही."

"मला लागतो, दादा."

"मी तुला लाव म्हणतोय का? मी इथे, माझ्या घरात, कुलपाच्या आत लावतोय. रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. कायद्याने सहा म्हटलंय, सातवं रोप मी शेजारच्या रोझाला दिलं."

"कायदा तुझा आहे. तुझी बहीण वेगळ्या कायद्यात राहते."

तू म्हणालास, "मला वाटलं होतं, तू आधी विचारशील, दादा, पाय कसा आहे."

मी तेव्हाही विचारलं नाही. म्हटलं, दारावर कोणीतरी आलंय. कोणी आलं नव्हतं.

त्यानंतर आपण टोमॅटोवर आलो, आणि तिथे मात्र आपलं जमलं. हे कबूल करायला हवं. ते दिवस मला आवडत होते. तू विचारायचास, "टोमॅटोच्या पानांच्या कडा जळतात, पाणी तर रोज घालतो." मी विचारायची, "कुंडीच्या कडेला पांढरं साचलंय का?" साचलेलं असायचं. तुझ्याकडचं पाणी जड, त्यात ती कोरडी हवा. पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात. मी सांगितलं, रोज थोडं थोडं पाणी घालणं बंद कर. एकदा भरपूर घाल, खालून वाहून जाऊ दे, पुन्हा घाल, मग दोन दिवस हात लावू नकोस. कुंडी मोठ्या कुंडीत ठेव आणि मधल्या फटीत वाळू भर, ती ओली ठेव. मातीवर पालापाचोळा पसर. पश्चिमेकडून येणारा वारा गोणपाट लावून अडव, कारण झाड उन्हाने मरत नाही, कोरड्या वाऱ्याने मरतं. आमच्याकडे समुद्राची दमट हवा तरी आहे, तुला तीही नाही. तू सगळं लिहून घ्यायचास. आणि आठ दिवसांनी फोन : "बाई, टोमॅटो खूश आहेत."

एकदा तू अगदी निरागस आवाजात विचारलंस, "टोमॅटोत नर-मादी असतं का गं?"

"नाही. पपईत असतं."

"मग माझ्या टोमॅटोत एक नर पपई निघालीय. रोझा म्हणते, उपटून टाक, नाहीतर बाकीच्या वाया जातील."

मी गाडीत इतकी हसले की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागच्याने हॉर्न वाजवला.

मी त्या वर्षी अंगणात खरोखरच टोमॅटो लावले. तुला त्यांचे फोटो पाठवले. तू लिहिलंस, "वा, माझ्यापेक्षा छान आलेत." तुला वाटलं असेल, हौस म्हणून लावले. ते पुरावा म्हणून लावले होते, दादा. उद्या कोणी आपले मेसेज वाचलेच, तर दाखवायला माझ्याकडे टोमॅटो असावेत. तुझ्याशी बोलण्यात मी इतकी हुशारी वापरत होते.

हे सगळं ज्ञान मी तुलाच परत देत होते, तेही तेव्हा कधी बोलून दाखवलं नाही. बार्शीच्या त्या दोन खोल्यांच्या मागे, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं, तिथे तू आळं करून भोपळा लावला होतास. मी आठ वर्षांची असेन. दुपारी पानं मान टाकून पडलेली पाहून मी तांब्या घेऊन धावले, तर तू हात धरलास. म्हणालास, दुपारी सगळेच मान टाकतात, सकाळी बघ. सकाळी पडलेलं दिसलं तरच ते तहानलेलं. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात, आणि नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच हिंदीत सांगते. पुढे बाबांना मला कृषी महाविद्यालयात पाठवायचं नव्हतं. मुलीची जात, शेतात काय करणार. तू त्यांच्यापुढे आठ दिवस जेवायला बसला नाहीस. मला हे आईने फार उशिरा सांगितलं. तू स्वतः कधीच नाही.

आणि त्या माणसाने मला एका सकाळी सांगितलं, "नीलू, टोमॅटोमुळे मी काल सलग पाच तास झोपलो. दीड वर्षात पहिल्यांदा." मी काय म्हणाले आठवतंय? "टोमॅटोने झोप येत नाही, दादा. नीट बोल." गाडीत कोणी नव्हतं त्या दिवशी. तरीही मी तसं म्हणाले. सवय झाली होती. तू म्हणालास, "हो, बरोबर," आणि क्षारांबद्दल काहीतरी विचारलंस, जे तुला आधीच माहीत होतं.

मग सप्टेंबरात तू म्हणालास की डिसेंबरात येतो. आठ दिवस. अन्वी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार, त्याआधी तिच्याबरोबर राहायचंय. तिला वाळवंटात नेऊन तारे दाखवायचे आहेत, इकडे मी रोज बघतो तेच, पण तिच्याबरोबर. तू तिकिटांची चौकशीही केली होतीस.

मी म्हटलं, "दादा, नको."

"का गं? घर लहान पडेल?"

"रक्तात राहतं म्हणतात. कितीतरी दिवस. एअरपोर्टवर कोणी अडवलं, इथे तुला बरं नाहीसं झालं, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तर?"

"महिनाभर आधी बंद करीन."

"मग पाय दुखेल."

"दुखू दे की. पूर्वीही दुखत होता."

"आणि नाही गेलं रक्तातून तर? आमच्या संसारावर कशाला, दादा?"

हे वाक्य मी म्हणाले. आमच्या संसारावर कशाला. तू म्हणालास, "खलास. मेमध्ये पुण्यात भेटू. आंबे पण मिळतील." विषय संपला, या अर्थाचा माझाच इथला शब्द तू मला दिलास, रागाने नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी ऑफिसात फार चांगलं काम केलं.

नंतर आपण बोलत राहिलो, पण टोमॅटो कमी झाले. मी विचारलं तर म्हणालास, सीझन संपला. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. तुझा आवाज थकलेला वाटायचा. मी विचार केला, थंडी असेल. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आणि फेब्रुवारीत रोझाचा फोन आला, की तू सकाळी दार उघडलं नाहीस.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. अमेरिकेचा व्हिसा मला वेळेत मिळणं शक्यच नव्हतं. तुझे शेवटचे विधी मी फोनच्या स्क्रीनवर बघितले. रोझा आणि तुझ्या कामावरचे दोन मित्र होते. कोणाला मंत्र येत नव्हते. रोझाने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, तुझ्या कपाळावर हात ठेवला, आणि मला विचारलं, "तुला काही सांगायचंय का त्याला?" मी नकारार्थी मान हलवली. सगळे बघत होते.

चार दिवसांपूर्वी मी तिला पुन्हा फोन केला. म्हटलं, त्याच्या बागेचं काय केलंत? ती म्हणाली, "बाग? ती तर त्याने ऑक्टोबरातच काढली."

मला कळेना. मग तिने सांगितलं. तू सगळी झाडं उपटून टाकलीस आणि तेव्हापासून तेल, पानं, कशालाही हात लावला नाहीस. त्या गोळ्याही परत सुरू केल्या नाहीस, कारण तुला बोलताना शब्द विसरायचे नव्हते. "खूप त्रास झाला त्याला," ती म्हणाली. "संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायचा, बसवायचंच नाही. मी म्हणायची, अरे, थोडं घे. तर म्हणायचा, माझ्या बहिणीच्या देशात चालत नाही." जानेवारीत तू रक्त तपासून घेतलंस. रिपोर्ट स्वच्छ आला. तो कागद तू फ्रिजवर लावला होतास. रोझाला म्हणालास, अजून एकदा तपासतो, दोन कागद झाले की नीलूला पाठवतो, मग ती नाही म्हणणार नाही.

ती मला समजावत होती, की हृदयाचं आणि याचं काही नातं नाही. नर्स होती ती, तिला कळत असेल. मी तिला विचारलं, "चार महिने इतकं दुखणं काढलं तर हृदयावर ताण येत नाही?" ती म्हणाली, "ते कोणीच सांगू शकणार नाही." मी त्याच उत्तराबरोबर राहणार आहे आता. मी संदीपला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू घराचा विचार केलास, नीलू, चूक काय?" चूक काय ते मला नेमकं सांगता येतं, दादा. तुला येऊ नको म्हणणं कदाचित बरोबरही असेल. पण मी तुला एवढं तरी म्हणायला हवं होतं, की तू ते घे, तुझ्या घरात, तुझ्या कुलपाआड, आणि झोप शांत. मी येते तिकडे. माझ्याकडे पासपोर्ट होता, रजा होती. मी व्हिसाचा फॉर्मसुद्धा भरला नाही. मला ते सुचलंच नाही. येणं हे नेहमी तुझंच काम होतं.

आज सकाळी रोझाने विचारलं, "त्याच्या अस्थी माझ्याकडे आहेत. लहानशी पेटी आहे. तुझ्याकडे पाठवू, की भारतात?"

आणि तुला खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला. मी बोलूनही दाखवला. अन्वी समोर नाश्ता करत बसली होती. मी रोझाला विचारलं, "कस्टमवाले तपासतील का? त्यात काही सापडणार नाही ना?"

अन्वीने चमचा खाली ठेवला. तिला किती कळलं होतं, मला माहीत नाही. पण बरंच कळलं असणार, कारण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, दॅट्स मामा यू आर टॉकिंग अबाउट."

मी फोन तसाच धरून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. तुझ्यासाठी बारा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडले. रोझाने फोन ठेवला नाही, ती थांबून राहिली. मग मी तोंड धुतलं आणि तिला पत्ता सांगितला. व्हिलाचा नंबर, गल्लीचा नंबर, माझा मोबाइल, माझं पूर्ण नाव, जसं पासपोर्टवर आहे तसं. लागतील ते कागद मी इथून काढते म्हटलं, ज्या ऑफिसात जावं लागेल तिथे मी स्वतः जाईन, आणि कोणी विचारलं तर सांगेन कोणाच्या अस्थी आहेत, कुठून आल्या, मी त्यांची कोण.

अन्वीने तिची खोली तुला द्यायची ठरवलीय. खिडकीतला कोपरा रिकामा केलाय.

ये, दादा.